धाकटीची अर्धी मॅच

रविवार, चौदा डिसेंबर. स्थळ: हिंगणी, शाळेमागचं मैदान. हजर: सासूबाई, पंच म्हणून माझे यजमान, हिंगणीच्या मुलींचा संघ, आमच्या कॉलेजच्या मुलींचा संघ, आणि मी, सोबत खुर्च्या, सतरंजी, पाण्याच्या कॅन, बर्फाची पिशवी, शाल एक, श्रीफळ एक. गैरहजर: धाकटे दीर, कंपनीच्या कामानं जपानात. जिच्यासाठी हा सगळा घाट घातला होता ती माझी धाकटी जाऊ हजर धरायची की गैरहजर, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तिच्यासाठी मांडलेली खुर्ची शेवटपर्यंत रिकामी राहिली, एवढं मात्र खरं.

अर्धवट राहिलेल्या गोष्टीशी इतकं उघड वैर धरणारी बाई सबंध वर्धा जिल्ह्यात दुसरी सापडायची नाही. ताटात शीत राहिलेलं तिला चालत नाही, खिडकी अर्धी उघडी चालत नाही, आणि सासूबाईंना तर मोहल्ल्यातली बातमी मध्येच सोडून दूध बघायला जायची सोयच उरलेली नाही, धाकटी त्यांच्या मागोमाग स्वयंपाकघरात जाते आणि ओट्याशी उभी राहून विचारते, "मंग काय झालं?" वर्ध्याला नालवाडीत आमच्या समोरच्या घराची कंपाउंडची भिंत कित्येक वर्षं बिनप्लास्टरची उभी होती. धाकटी रोज सकाळी गेटाशी येऊन त्या भिंतीकडे नुसती बघायची. एक अक्षर बोलायची नाही. शेवटी दिवाळीच्या आधी त्या गृहस्थांनी गवंडी बोलावला आणि प्लास्टर झाल्यावर आमच्याकडे येऊन सांगून गेले, "आता तुमच्या सूनबाईले झोप येऊ द्या म्हणा." मी स्वतः कॉलेजच्या कार्यालयात काम करते, घरात किराण्यापासून लग्नाच्या आहेरापर्यंत सगळ्याच्या याद्या माझ्याकडे असतात, आणि माझ्याइतकं शिस्तीचं माणूस घरात दुसरं नाही असा माझा समज होता. धाकटी आल्यापासून मी दुसऱ्या नंबरावर आहे.

धाकटी जपानची. दीर तिकडे यंत्रांच्या कंपनीत इंजिनियर होते, सुट्टीच्या दिवशी मित्रांबरोबर फुटबॉल खेळताना त्यांचा पाय मुरगळला, आणि ज्या दवाखान्यात ते शेकायला जायचे तिथेच ही गुडघ्याचे व्यायाम करायला यायची. दिरांचा पाय पंधरवड्यात बरा झाला होता, पण ते पुढे बरेच महिने लंगडत राहिले, असं ते स्वतःच सांगतात. लग्न करून दोघं इकडे आले, दीर सकाळी कामाला गेले की घरात धाकटी आणि सासूबाई. त्यामुळे धाकटी मराठी शिकली ती सासूबाईंकडून, आणि सासूबाई जन्मभर जी बोलल्या तीच. दिरांना वाटायचं तिनं जरा पुस्तकातलं बोलावं. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "आई असं नाई बोलत." एकदा बँकेत साहेब तिच्याशी मोठ्या कष्टानं इंग्रजीत बोलायला लागले. धाकटीनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "मले इंग्रजी नाई समजत जी. मराठीत बोला न." साहेबांनी चहा मागवला.

ती तिकडे फुटबॉल खेळायची. खेळायची म्हणजे तोच तिचा धंदा होता, असं आम्ही समजत होतो. पुढे कळलं की धंदा दुसराच होता. सकाळी एका मोठ्या दुकानात मासळी कागदात बांधायची, दुपारी सराव, रविवारी सामना. दुसऱ्या फळीच्या लीगमधला संघ, जागा डाव्या बाजूच्या बचावाची. सबंध कारकिर्दीत तिनं एकही गोल केला नाही, आणि हे ती आपण होऊन, मान ताठ करून सांगते. गोल करणं तिचं काम नव्हतं. एकदा तिला देशाच्या संघाच्या शिबिराला बोलावलं होतं. निवड झाली नाही, पण शिबिराचं निळं जाकीट मिळालं. आमच्याकडे पैठणी जशी ठेवतात तसं ते मलमलीत गुंडाळलेलं असतं.

बचावात उभं राहायची सवय तिच्या अंगातून गेलेली नाही. आमच्या घरातल्या बोळातून तिला ओलांडून कोणी जाऊ शकत नाही. ती जरा तिरपी होते, गुडघे किंचित वाकवते, आणि तुम्ही कोणत्या बाजूनं निघणार हे तुमच्या आधी तिला कळलेलं असतं. वर्ध्याच्या भाजीबाजारात तिच्यापुढे घुसायला धजणारा माणूस मी पाहिलेला नाही. एसटीच्या दाराशी तर सासूबाई तिला मुद्दाम पुढे करतात. हे कसं जमतं म्हणून मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "तोंडाकडे नाई पाहाचं, ताई. कमरेकडे पाहाचं. तोंड खोटं बोलते. कमर नाई बोलत." तेव्हापासून तिच्यासमोर काही लपवायचं असलं की मी खुर्चीत बसून बोलते.

आमची शेती हिंगणीला, बोर धरणाच्या अंगाला. कापसाच्या वेळी धाकटी पहिल्यांदा तिकडे गेली आणि शाळेमागच्या मैदानावर मुली चेंडूला लाथा मारताना तिनं पाहिल्या. मैदानाच्या कडेशी तिनं चपला काढल्या, कमरेत वाकून मैदानाला नमस्कार केला आणि मगच आत पाय टाकला. कुस्तीच्या आखाड्यात माती कपाळाला लावणारे म्हातारे तिथं पारावर बसले होते. त्यांना यात काहीच वावगं वाटलं नाही. "शिकलेली दिसते," एवढंच एक जण म्हणाला. त्या दिवसापासून दर रविवारी ती हिंगणीला जाते. खेळ झाला की मुलींकडून मैदान झाडून घेते, स्वतः सगळ्यांत शेवटी झाडते. मध्यंतरात मुलींना भाताचे मुटके देते, आत जवसाची चटणी भरलेली. आयांना आधी हसू यायचं. आता हिंगणीत मुली शाळेच्या डब्यातही तेच नेतात.

एकच गोष्ट ती करत नाही: धावत नाही. वर्ध्याच्या डॉक्टरांनी तिच्या गुडघ्याचा फोटो उजेडाला धरून आम्हा सगळ्यांना बजावलं होतं की चाला, जिने चढा, सायकल चालवा, पण धावता धावता वळायचं नाही. हा गुडघा एकदा शिवलेला आहे. पुन्हा फाटला तर पुन्हा ऑपरेशन, आणि मग लंगडणं जन्माचं.

आता निरोप समारंभाचं. धाकटी रिटायर आहे हे कळल्यावर नालवाडीत पहिला प्रश्न आला तो पेन्शनचा. तिशी ओलांडताच माणूस रिटायर कसा होतो, हे कोणाला पटेना. सासूबाईंना मात्र दुसरंच खटकलं होतं. आमचे सासरे एसटीत ड्रायव्हर होते. त्यांच्या निरोप समारंभाचा फोटो बैठकीत लावलेला आहे, गळ्यात हार, खांद्यावर शाल, हातात नारळ. "तुया फोटो कुठी हाय?" असं त्यांनी धाकटीला विचारलं. तेव्हा थोडं थोडं करून निघालं ते असं: शेवटच्या सामन्यात मध्यंतराच्या जरा आधी तिचा गुडघा गेला. स्ट्रेचरवरून बाहेर नेलं. ऑपरेशन झालं, हंगाम संपला, संघानं करार पुढे वाढवला नाही. एका सकाळी ती बूट आणायला गेली, तेव्हा तिथं कोणी नव्हतं. तिनं कपडे बदलायची खोली झाडली, रिकाम्या मैदानाला नमस्कार केला आणि बसनं घरी आली.

सासूबाई उठून सासऱ्यांच्या फोटोवरची धूळ पुसून आल्या. मग मला म्हणाल्या, "माणूस रिटायर झालं का हार घालाच लागते, मोठे. नाई तं त्याचं मन तिथंच राह्यते. तू कर काई तरी." मला एवढं पुरतं. आमच्या कॉलेजच्या मुलींचा संघ मी तयार केला, हिंगणीच्या मुलींशी मैत्रीचा सामना ठरवला, यजमान शाळेत क्रीडाशिक्षक असल्यामुळे पंच घरचाच. सामन्यानंतर शाल आणि श्रीफळ. धाकटी साडी नेसून खुर्चीवर बसेल, पहिला चेंडू पायानं ढकलेल, बस. दिरांनी जपानहून फोन करून मला एकटीला गाठलं. "वहिनी, ती चेंडू बघून वेडी होते. तिला मैदानात उतरू देऊ नका. तुमच्यावर सोडतो." मी शब्द दिला. मी दिलेला शब्द म्हणजे काम झालेलंच धरतात आमच्याकडे.

धाकटीला आम्ही काही सांगितलं नव्हतं, पण तिला कळलं होतं. मी ओट्याशी उभी होते, तेच चुकलं. शाल कोणासाठी, एवढंच तिनं विचारलं. नंतर म्हणाली की शाल घ्यायला ती तयार आहे, पण सामना संपल्यावर घेतात ना शाल? "माया सामना अर्धाच झाला, ताई. अर्धा बाकी हाय." मी हसण्यावारी नेलं.

सामना तीनला सुरू व्हायचा होता. हिंगणीच्या मुली वेचणीवरून आल्या, आणि बोंडं फुटलेली ओळ अर्ध्यात सोडून यायचं नाही हे त्यांना त्यांच्या मॅडमनं, म्हणजे धाकटीनंच, शिकवलं होतं, त्यामुळे पहिली शिट्टी वाजायला चार वाजून गेले. डिसेंबरचा दिवस केवढा असतो! मी तेव्हाच घड्याळाकडे पाहून अस्वस्थ झाले होते. धाकटी हिरव्या साडीत होती, वर निळं जाकीट. तिनं चेंडू ढकलला, टाळ्या झाल्या, आणि ती खुर्चीकडे न येता रेषेवरच उभी राहिली. पहिल्या अर्ध्यात गोल झाला नाही. मुटके वाटून झाले. मग ती शाळेच्या मागे गेली, आणि परत आली तेव्हा पायात बूट होते, गुडघ्यावर पट्टा होता, आणि हातात साडी होती, दुकानातून आणल्यासारखी घडी घातलेली. ती घडी तिनं सासूबाईंच्या मांडीवर ठेवली. हिंगणीची कप्तान प्रणाली तिकडे डाव्या बचावातल्या मुलीला बाहेर बोलावत होती. दोघींचं आधीच ठरलेलं होतं.

मी उठले आणि रेषेवर तिच्या आडवी उभी राहिले. मी तिला डॉक्टरांची आठवण करून दिली, दिरांना दिलेल्या शब्दाची करून दिली, लंगडणं जन्माचं असतं हेही म्हणाले. बर्फाची पिशवी माझ्या हातात होती आणि हात गारठून गेला होता. धाकटीनं सगळं ऐकलं. माझ्या तोंडाकडे तिनं एकदाही पाहिलं नाही.

"ताई," ती हळूच म्हणाली, "तुमी बाजूले सरकून राह्यल्या."

मी खाली पाहिलं. खरंच, माझा एक पाय बाजूला सरकला होता, तिची वाट मोकळी होती. ती वाकून मैदानाला नमस्कार करून आत गेली.

त्यानंतरचा वेळ कसा गेला ते मला नीट सांगता येणार नाही, आणि असं माझ्या बाबतीत सहसा होत नाही. मी सामना पाहिलाच नाही, एक गुडघा पाहिला. आमच्या कॉलेजच्या संघात उजव्या बाजूला खेळणारी एक मुलगी आहे, हरणासारखी पळते. तिला संघात मीच आग्रहानं घेतलं होतं आणि आता तिचा पाय मुरगळावा अशी देवाकडे मागणी करत होते. दर वेळी ती धाकटीच्या अंगावर यायची, आणि धाकटी मागे मागे सरत, तिरपी होत, धावल्याशिवायच तिची वाट बंद करायची. पारावरचे म्हातारे उठून उभे राहिले होते. सासूबाईंनी साडीची घडी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. शेवटी प्रणालीनं लांबून मारलेला चेंडू पलीकडे गोलात गेला, हिंगणीच्या बायका ओरडल्या, पण धाकटीनं हातसुद्धा वर केला नाही; ती आपल्या मुलींना मागे या, मागे या, म्हणून खुणावत होती.

सूर्य झाडांच्या शेंड्यावर आला तेव्हा ती हरणी सुटली. सगळ्या पुढे गेलेल्या, मागे एकटी धाकटी. मुलीनं उजवीकडे बघितलं आणि डावीकडे वळली. धाकटी कमरेकडेच बघत होती, तिला ते आधीच कळलं होतं, पण कळल्यावर वळावं तर लागतंच. ती वळली. त्याच पायावर. चेंडू तिच्या बुटाला लागून रेषेबाहेर गेला आणि ती खाली पडली.

बैलाच्या गळ्यातली घंटा ऐकू येत होती. यजमान तिच्याकडे निघाले, पण सासूबाई त्यांच्याआधी पोचल्या; रेषेवर चपला काढून, अनवाणी, साडीची घडी काखेत धरून. त्या वाकून म्हणाल्या, "उठू नको, बाई. झालं. लय झालं."

धाकटी कोपरावर उठली. तोंडाला माती लागली होती. "आई," ती म्हणाली, "बाहेर व्हा. खेळ सुरू हाय."

सासूबाईंच्या सगळ्या संसारात त्यांना 'बाहेर व्हा' म्हणणारं माणूस जन्माला आलं नव्हतं. त्या बाहेर आल्या. माझ्याशेजारी उभ्या राहून त्यांनी डोळे पुसले आणि पुटपुटल्या, "कोणावर गेली काय माईत." धाकटी उभी राहिली, त्या पायावर भार देऊन पाहिला, आणि कॉर्नरसाठी आपल्या जागी जाऊन थांबली. लंगडत होती, पण थांबली होती.

कॉर्नर मारायला मुलगी मागे सरकली, तेवढ्यात शिट्टी वाजली. लांब, कर्कश, दोनदा. मला वाटलं संपलं. मी शाल पिशवीतून काढलीसुद्धा. पण यजमानांची शिट्टी त्यांच्या हातातच होती. मोटरसायकलवरून वनरक्षक आला होता, शिट्टी त्याची होती. नाल्याच्या पलीकडे वाघ दिसला होता, गुरं हाकून आणली होती, आता कोणी उघड्यावर राहायचं नाही. हिंगणीत यात ओरडाओरड होत नाही. बायकांनी मुली मोजल्या, म्हाताऱ्यांनी काठ्या घेतल्या, आम्ही खुर्च्या टेम्पोत टाकल्या, आणि सूर्य बुडायच्या आत मैदान रिकामं झालं. झाडायचं राहिलं. धाकटी टेम्पोतून शेवटपर्यंत मागे वळून त्या न झाडलेल्या मैदानाकडे बघत होती.

गावातल्या आमच्या घरी पोचल्यावर मी शाल उघडली. सासूबाईंनी नारळाला कुंकू लावलं. ओसरीवर धाकटी पाय लांब करून बसली होती, गुडघ्यावर बर्फ, आणि सगळ्या मुली दाराशी गोळा झालेल्या. तिनं माझ्याकडे न बघता यजमानांना विचारलं, "भाऊजी, शेवटची शिट्टी तुमी वाजवली काय?"

माझे यजमान जरा सोयीचं खोटं बोलले असते तर त्या दिवसाची सगळी कामं पूर्ण झाली असती. पण ते पंच होते. "नाही," ते म्हणाले.

"मंग राह्यलं," धाकटी म्हणाली, आणि खांद्यावर आलेली शाल तिनं दोन्ही हातांनी काढून, घडी घालून, मला परत दिली.

गुडघा फाटला नव्हता. सूज आली होती. डॉक्टरांनी फोटो पुन्हा उजेडाला धरला, आम्हा सगळ्यांना नावं ठेवली आणि निदान आता तरी पुरे करा म्हणाले. दिरांनी फोनवर मला एवढंच विचारलं, "वहिनी, तुम्ही रेषेवरच उभ्या होता ना?" मी हो म्हटलं. ते खरंच होतं.

आता राहिलेला खेळ म्हणजे कितीसा. कॉर्नर मारायचा, चेंडू बाहेर ढकलायचा, यजमानांनी शिट्टी वाजवायची. धाकटी एका जागी उभी राहिली तरी भागेल, मी डॉक्टरांनाही विचारून घेतलंय. हिंगणीच्या मुली तयार आहेत, आमच्या मुली कधीही येतील. पण विषय काढला की धाकटी म्हणते, कापूस निघू दे. कापूस निघाला, तर म्हणाली, पोरींची परीक्षा होऊ दे. परीक्षा झाली, तर आता, ऊन उतरू दे. ताटात शीत न ठेवणारी बाई! मागच्या रविवारी हिंगणीला मुली मैदान झाडत होत्या, घरी निघायची वेळ झाली होती, आणि ती मला तोंडानं अगदी मनापासून सांगत होती की हो ताई, एकदा उरकून टाकू. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं नाही. कमर मैदानाकडे वळलेली होती.

सासूबाईंनाही ते कळलेलं असावं. त्या हल्ली निरोपाचं नाव काढत नाहीत. नारळ मात्र जास्त दिवस राहिला की आतून सुकतो म्हणून अधूनमधून फोडतात, वाटून भाजीत घालतात आणि जागी नवा आणून ठेवायला मला सांगतात. शाल माझ्या कपाटात वरच्या कप्प्यात आहे, डांबराच्या गोळ्या घालून ठेवली आहे. द्यायची बाकी आहे.